सातवा रकाना

उणे एकतीस. आम्ब्रोज मांतला तळ्याच्या पाठीवर
गुडघे टेकतो, गिरमिट फिरवतो.
भुगा वर येतो, कोरडा, पिठूळ,
आणि मग एकदम पाणी, काळं,
भोकाच्या तोंडापर्यंत.
तो पट्टी सोडतो. म्हणतो, बहात्तर.
मी लिहिते, बहात्तर.
भरल्या ट्रकला हवेत एकशे सात.

ही वाट उन्हाळ्यात नसते.
चौसष्ट तळी, मधे जमिनीची ठिगळं,
आणि टोकाला खाण. हिऱ्यांची.
वर्षाचं डिझेल, सिमेंट, टायर, अंडी,
शंभर माणसांचा साबण
सगळं याच पाण्यावरून जातं
ताशी पंचवीसच्या वेगाने.
जोरात हाकलं तर बर्फाखाली लाट उठते,
ट्रकच्या पुढे धावते, काठाशी वाट फोडते.
आम्ब्रोजचा मामा इसिडोर अशाच लाटेत गेला.
घाई त्याला नव्हती, मागच्याला होती.

पूर्वी वाट दहा आठवडे टिकायची.
गेल्या वर्षी साडेसहा.

संध्याकाळी तंबूत हातमोजे स्टोव्हवर टांगून
मी टोरांटोचा फॉर्म भरते.
धोका: वाट उशिरा गोठणे.
शक्यता: जवळजवळ खात्री.
परिणाम: तीव्र.
रक्कम: वरच्या मजल्यावर ठरते.
उपाय: तीन जादा टाक्या, चार पवनचक्क्या,
रात्री पाणी शिंपून बर्फाला जाडी आणणे,
नाहीच जमलं तर विमान, पाचपट भाड्याने.
जबाबदार व्यक्ती: माझं नाव.
थंडी इथे पंचवीस वर्षं बिनपगारी राबली.
आता तिच्या बदल्या माणसाचा पगार
पहिल्यांदाच कुणीतरी मांडून बघतंय.

दुसरी ओळ, बांध.
खाणीचा गाळ अडवून धरलाय
गोठलेल्या मातीच्या गाभ्याने.
त्यात नळ्या टोचल्यात, ऊब ओढून बाहेर टाकायला,
जशी तापातल्या पोराच्या कपाळावरून
कुणी पट्टी बदलत बसावं.
मागच्या साली उणे चार पूर्णांक एक,
यंदा उणे तीन पूर्णांक चार.
फॉर्मवर याला ‘मर्यादेत’ म्हणतात.
आम्ब्रोजच्या भाषेत वेगळा शब्द आहे.
त्याने तो मला दोनदा सांगितला,
अर्थ सांगितला नाही.

मग सातवा रकाना. संधी.

मी तो मोकळा ठेवला.
दुसऱ्या दिवशी ऑर्ला पेनहॅलोचा फोन,
आवाज खरंच दमलेला:
रिकामा चालत नाही गं, सिस्टीम पुढे सरकत नाही.
तिनेच सुचवलं, हळू, लाजल्यासारखं:
समुद्र लवकर मोकळा होतोय, तर बंदर.
नव्वद किलोमीटरवर निकेल सापडलंय,
बॅटऱ्यांना लागतं, जगाला हवंय.
म्हणजे थंडी राखायला आणखी खणायचं?
ती म्हणाली, हो, तसंच काहीसं.
आणि मग, तुमच्याकडे आता किती आहे?
मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर.

आम्ब्रोजला विचारलं, तू काय लिहिशील?
तो हसला. वाट गेली तर मी काय मोजू?
पुतण्या ट्रकवर आहे, मुलगी खाणीच्या दवाखान्यात.
यंदा कॅरिबू या बाजूला आलेच नाहीत
हेही तो त्याच श्वासात बोलला,
आणि कुठल्या रकान्यात ते मला विचारलं नाही.

रात्री मी तिथे एक टिंब दिलं.
सिस्टीमने घेतलं.

मार्चच्या शेवटी अहवाल आला,
गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर आमचंच तळं.
टिंबाच्या जागी चार वाक्यं होती,
चांगली, नेटकी. माझी नव्हेत.
खाली माझं नाव होतं.

आम्ब्रोजने चित्रं पाहिली,
आपला ट्रक कोणता ते ओळखलं,
मग अहवाल मिटून बर्फावर ठेवला,
त्यावर गुडघे टेकले
आणि गिरमिट फिरवायला घेतलं.

अठ्ठ्याण्णव, तो म्हणाला.
वरचे दहा मऊ आहेत.
ते धरायचे का?