लॉकर क्रमांक चौदा

वार्षिक मूल्यांकनाच्या अर्जात सहावा रकाना:
'या वर्षातलं तुमचं सर्वांत मोठं यश'.
दीडशे शब्द. त्याहून जास्त लिहिलं तर अर्ज घेत नाही.

रात्रीचे पावणेबारा. भांडुपला, शेगडीशेजारी
लॅपटॉप उघडा ठेवलाय, दूध उतू जाऊ नये म्हणून.
नावापुढे माझा हिरवा ठिपका.
मरोळच्या ऑफिसातले दिवे गेले तरी
तो तेवत असतो. तेल माझं.

मी आठवून बघते.
आठवतं ते असं:
मावसबहिणीच्या लग्नात, अक्षता एका मुठीत धरून
दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं 'नोटेड' पाठवलं.
मंगलाष्टकं संपली, अक्षता मुठीतच राहिल्या.
दंतवैद्याच्या खुर्चीत, अर्धा जबडा बधिर, कॉलवर होते;
म्यूट काढून 'हो' म्हटलं, ते नुसतं 'ओ' ऐकू गेलं,
आणि केयूर सर सगळ्यांना म्हणाले, याला म्हणतात ओनरशिप.

उर्मिला कुडाळकर सातनंतर फोन उचलायची नाही.
सरळ सांगायची, 'भाकऱ्या टाकत होते.'
ती आहे तिथंच आहे. मी मॅनेजर झाले.
तिला पेढा देताना वाटलं होतं, जिंकले.
तिनं अर्धा खाल्ला, अर्धा मुलीसाठी रुमालात बांधला
आणि सहाला निघून गेली.
तो अर्धा पेढा मला अजून का आठवतो, कळत नाही.

मग जानेवारीतला एक मंगळवार.
परळच्या हॉस्पिटलात आईचा एमआरआय.
'आत सोबत बसायचं तर फोन, बांगड्या, किल्ल्या, सगळं इथं.'
लॉकर क्रमांक चौदा. किल्लीला निळी नाडी.
भिंतीपलीकडे यंत्र ठोकत होतं,
तांबाकाट्याच्या गल्लीत हंडे ठोकावेत तसं.
पहिली दहा मिनिटं मांडीवर काहीतरी थरथरतंय असा भास.
मांडीवर काहीच नव्हतं.

आणि मग आपोआप डोळ्यांपुढे आले
नाशिकच्या द्राक्षांचे नऊ कंटेनर,
दर खेपेला कोलंबोत खोळंबणारे.
चौसष्ट मेलच्या साखळीत जे कुणालाच सापडत नव्हतं
ते पावतीच्या पाठीवर सापडलं:
शनिवारचं जहाज सोडायचं, सोमवारचं सलालामार्गे धरायचं,
दोन दिवस उशिरा निघून चार दिवस आधी पोचायचं.
नर्सकडून मागितलेलं बॉलपेन. तीनदा पडताळलं.
कानशिलं तापली होती,
शाळेत प्रमेय सुटल्यावर तापायची तशी.

आई बाहेर आली, केस विस्कटलेले.
सवयीनं विचारलं, 'तुझं काम झालं का गं?'
मी म्हटलं, 'झालं.'
आणि दचकले.
'बघते', 'करते', 'चालू आहे', 'पाच मिनिटांत'
हे मी दिवसातून शंभरदा म्हणते.
'झालं' शेवटचं कधी म्हटलं होतं?

लॉकर उघडला. एकेचाळीस निरोप.
शेवटचा केयूर सरांचा: 'आहेस ना?'
मी लिहिलं, 'आहे.'

दूध वर आलं. गॅस बंद केला.
सहाव्या रकान्यात ती चाळीस मिनिटं कशी लिहू?
कंपनीच्या नोंदीत तेवढा वेळ माझा ठिपका राखाडी आहे.
अनुपलब्ध.

पावती पर्समध्ये आहे.
पुढचं छापील, तारीख, रक्कम, आईचं नाव, उडत चाललंय.
पाठीमागचं माझं गिचमिड अक्षर
तेवढं अजून लागतं.