पाच गुणांचा प्रश्न

विचलन म्हणजे काय? सोदाहरण लिहा.
बेचाळीस पेपरांत गाइडमधली तीच व्याख्या,
चूकसुद्धा तीच.

त्रेचाळिसावीनं मध्येच शाई बदलून
हिंदीत लिहिलंय:
लोकेंद्र सतराचा होता,
दुसऱ्याच्या सायकलवर सापडला.
तेव्हापासून परदेशीपुऱ्याच्या ठाण्यात
निगराणीच्या रजिस्टरात त्याचं नाव.
गणपतीआधी, दिवाळीआधी, इलेक्शनआधी
रात्री दोनला टॉर्च येतो.
भाऊ दारात जातो, उजेडात तोंड दाखवतो,
परत येऊन झोपतो.
गल्ली झोपत नाही.
सराफ्यात कढई घासायलाही कुणी ठेवला नाही,
'तेरे यहाँ तो पुलिस आती है ना?'
गेल्या वर्षी त्यानं खरंच एक कुलूप फोडलं.

आणि खाली, समासात, बारीक अक्षरात:
मॅडम, यात उदाहरण नेमकं कुठून सुरू होतं?

लाल पेन टेकवते. उचलते.

आमचे आप्पाकाका मिलच्या टाइम ऑफिसात.
बत्तीस वर्षं जेवणाच्या डब्यातून
सुताच्या कांड्या घरी आल्या.
रामबागेतल्या आमच्या सगळ्या गोधड्या त्या सुताच्या.
'मिलचं सूत तुटत नाही हो,'
आई शेजारणींना कौतुकानं सांगायची.
टॉर्च आला नाही कधी.
शाल आली, नारळ आला,
मॅनेजरच्या सहीचं मानपत्र आलं;
अजून भिंतीवर आहे.

साडेतीन देते.
खोडून चार.
पाच देता येत नाहीत,
एक गुण व्याख्येचा असतो
आणि व्याख्या तिनं लिहिलेली नाही.

इंदूरला यंदा थंडी बरीच आहे.
गोधडी पायांवर ओढून घेते,
चव्वेचाळिसावा उघडते.