अडीच बादल्या

यंदा गारा माघातच आल्या.
ज्वारी अजून हुरड्यातून उठली नव्हती.
मी पोस्टाच्या खिडकीत पासबुकं भरत होते,
आणि पत्र्यावर कुणी
ट्रॉलीभर खडी रिती केली.

घरी पोचले तेव्हा मागचं अंगण
औशातलं राहिलं नव्हतं.
घोट्यापर्यंत पांढरं.
रेणू दारातनंच ओरडली,
"आई, चप्पल काढू नको, भाजतंय!"

आधी वास आला.
कढीपत्ता, ओवा, तुळस, टोमॅटोची पानं,
सगळं एकाच उखळात घातल्यासारखं,
बिनफोडणीचं, हिरवं, कच्चं.
सहा वर्षं पाणी घालतेय
पण बागेत एवढा वास आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पपईचा शेंडाच नव्हता.
बुंध्यावरनं चीक उतरत होता, सावकाश.
वालाच्या मांडवाची नायलॉनची दोरी
तेवढी जागच्या जागी,
तिच्यावर काहीच नाही.
एक दुधी राहिला होता भिंतीच्या आडोशाला,
अंगभर देवी आल्यासारखा.

आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो.
ही बाग तांदूळ धुतल्या पाण्याची,
कपड्यांच्या शेवटच्या खंगाळाची,
पेल्यापेल्यानं मोजलेली.
आणि वरनं आलं ते असं,
फेकून मारल्यासारखं.

किती वेळ उभी होते कोण जाणे.
भिंतीपलीकडनं खैरुन्निसा खाला परात घेऊन आली,
पदर खोचलेला.
"देखती क्या है गे? पानीच तो है. भर ले."

मग आम्ही तिघी सुपलीनं गारा भरल्या.
बोटं लाल झाली, मग बधिर.
रेणूनं पान अडकलेली एक गार
वाटीत वेगळी ठेवली,
ती सगळ्यात आधी विरघळली.

वितळून अडीच बादल्या झाल्या.
तळाला पानांचा चुरा आणि एक मुंगळा.
गारठा जाईपर्यंत थांबले,
दुसऱ्या दिवशी दुपारी
बुंध्याबुंध्याला एकेक पेला घातला.
ज्यानं झोडपलं तेच.
कढीपत्त्यानं काही विचारलं नाही.
पपई मेली.

दुधी मी तोडला नाही.
व्रणही त्याच्याबरोबर मोठे होत गेले,
होळीपर्यंत रुपयाएवढे.
सालीला सुरी लागेना.
आतून मात्र नेहमीचाच, पांढरा.
अर्धा खालाकडे दिला.

संध्याकाळी भिंतीवरनं रिकामी ताटली आली.
"अच्छा था," ती म्हणाली,
"नमकच जरा कम पडा."