चवळी

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, म्हणतात.
यंदा ती वडगावातून निघाली,
येळ्ळूर रोडपर्यंत गेली,
आणि काहीतरी विसरल्यासारखी परत आली.
पहाटे गच्चीवर कानाला मफलर,
हातात झारी.
राजहंसगडावर धुकं.

माग विकला त्याला दिवाळीत वर्ष झालं.
शेडच्या फरशीत बोल्टांची चार भोकं राहिली,
एक तेलाचा डाग, सोड्यानंही न गेलेला,
आणि माझा आवाज.
अजून मी ओरडूनच बोलतो,
समोर कुणी नसलं तरी.

गच्चीवर रंगाचे रिकामे डबे,
तांबडी माती, शेणखत, चुलीची राख.
पाणी आठव्या दिवशी, म्हणून
तांदूळ धुतलेलं आधी मिरचीला, मग उरलं तर मोगऱ्याला.
पलीकडच्या गच्चीवर मिनेझिस सर
डेलियाला काठ्या लावतात, टाय बांधल्यासारख्या.
"गुलाब आता छाटू नका, उशीर झाला," म्हणाले.
मी गप्प.
"छाटलाच असेल तर कुणाला सांगू नका."

निलव्वानं भिंतीवरून पुडी दिली,
कॅलेंडरच्या पानात बांधलेली:
"चवळी अद, हाक्री."
हाक्री म्हणजे टाका,
एवढं कानडी चाळीस वर्षांत आलंय.
चवळी तर आमचीच.

भारतानं एक दाणा उचलला,
बोटांत फिरवला,
परत पुडीत ठेवला.
शाळेत खिचडीला उशीर होत होता तिला.

माळ्यावर सुताचे तीन कोन पडून होते,
मोरपंखी, कुठल्यातरी राहिलेल्या साडीचे.
पाइपापासून खिडकीच्या गजापर्यंत
दोन-दोन बोटांवर ओढत गेलो.
गाठ आमचीच, बारीक,
अंगठ्याखालून निसटती,
दातानं तोडायची.
शेजारच्या शेडमध्ये माग चालला होता खडाखडा,
हात त्याच्याच ठेक्यात जात होता.
ताणा माझा, म्हटलं, बाणा वेल भरेल.
दुपारचं जेवण विसरलो.

"काय करूलालाय?" डबा हातात घेऊन ती दारात.
"चवळीला चढायला नको?"
तिनं डब्यांकडे बघितलं, सुताकडे बघितलं,
माझ्याकडेही जरा.
"घट्ट ओढा. ते मधलं ढिलं आहे."
आणि चहा टाकायला गेली.

मधलं ढिलं होतंच.

उगवलं सातव्या दिवशी.
रोज हात लावून बघायचो, लावू नये तरी.
वीतभर झालं, ताठ,
शाळेतल्या पहिल्या बाकासारखं.
शेंडा दोऱ्याला गुंडाळला,
सकाळी पुन्हा सरळ.
पुन्हा गुंडाळला.
पुन्हा सरळ.
पानांना करवतीचे दात.

रंगपंचमीला निलव्वा निळे गाल घेऊन आली,
डबे बघितले, दोऱ्या बघितल्या,
पदर तोंडाला लावून खालीच बसली.
तिला बोलता येईना.
मग मिनेझिस सर भिंतीवरून, वर्गात सांगावं तसं:
"अहो, यांची चवळी म्हणजे तुमची गवार.
तुमच्या चवळीला हे अलसंदी म्हणतात.
गवारीला दोरी कशाला लागते?"

रात्री भाकरी थापता थापता भारता म्हणाली,
"मला दाण्यावरूनच कळलं होतं."
"मग बोलली का नाहीस?"
तव्यावर भाकरी उलटली,
काठाला पाण्याचा हात लावला.
"वर्षानंतर सूत होतं तुमच्या हातात.
म्हटलं, बांधूद्यात."

दोऱ्या सोडल्या नाहीत.
काल तिनं त्यावर दोन टॉवेल वाळत टाकले
आणि माझा एक पांढरा बनियन.
मिनेझिस सर पलीकडून ओरडले,
"चवळीला बहर बरा आलाय!"
मीही ओरडलो, नेहमीसारखाच,
काय ते आता आठवत नाही.