अकरावा कॉल

सकाळी सव्वानऊला जिंतूरच्या स्टँडवर
बॅग मांड्यांत आवळून मी पोहे खातो.
टाय खिशात.
टाय बघितला की हॉटेलवाला
पाचशेची नोट निघेल या भीतीनं
आधीच सुट्टे मागतो.

अकरा डॉक्टर, सहा मेडिकल. रोज.
रविवारी झोपेतही मी मोजतो,
बायको म्हणते, आकडे पुटपुटता,
सावकारासारखे.
अन् वर आभाळात काहीतरी फिरतं म्हणे,
जे बघतं, मी दवाखान्यापासून
पन्नास मीटरच्या आत उभा होतो का.
आत बोलावलं का, हे ते बघत नाही.

तोष्णीवालांच्या दारावर पाटी :
एमआरनी शनिवारी दोन ते अडीच.
आज मंगळवार. पाटीखाली उभा राहून
हिरवी खूण घेतली. झाला एक.

मुळावेकरांकडे बाकावर दीड तास.
शेजारच्या मावशी विचारतात,
कितवा नंबर तुमचा?
शेवटचा, मावशी. माझा कायम शेवटचा.
त्या जरा सरकून बसतात.
कामून? लई जुनं दुखणं हाय का?

आत चौतीस सेकंद.
फोल्डरच्या पहिल्या पानावर
एक म्हातारी हसत जिना चढते.
तिला दुसऱ्या मजल्यावर पोचलेली
मी कधी दाखवू शकलो नाही.
डॉक्टर पान न बघताच म्हणतात, बरं, सॅम्पल ठेव.

साडेसहाला वाघचौरे सरांचा फोन :
तुझी सरासरी नऊ पॉइंट आठ.
मी विचारलं, सर, पॉइंट आठ डॉक्टर
कसा असतो? कमरेपर्यंत?
पलीकडं कुणी हसलं नाही.
अकरावा कुठंय, एवढंच.

अकरावा आहे.

डॉ. बिडवई, जुन्या पोस्टाच्या बोळात.
माघात गेले. मी खांदा दिला होता.
यादी मात्र मार्चनंतर बदलणार होती,
आता म्हणतात, दिवाळीनंतर.
मोबाईलमध्ये ते अजून भेटतात
संध्याकाळी सहा ते आठ,
वाढदिवस बारा ऑगस्ट, श्रेणी ब.
औषध आमचं क्वचितच लिहायचे.
पण पेन खाली ठेवायचे,
चष्मा काढून विचारायचे, जेवलास का रे?

म्हणून साडेसातला मी त्या बोळात वळतो,
अन् बंद शटरपुढं, पायरीवर,
आधीच फेरोज बसलेला.
आठ वर्षं माझ्याविरुद्ध तीच गोळी विकणारा.
हनुवटीवर मोबाईलचा उजेड.
तू पण? म्हणाला. मी पण.
त्याच्यामागं एक नवं पोरगं,
टायची गाठ अजून बापानं बांधून दिल्यासारखी.
तिघांचेही अकरा त्याच दारात पुरे होतात.

समोरच्या शिलाई दुकानातनं म्हातारा ओरडतो :
डॉक्टर नाहीत जी! सहा महिने झाले!
फेरोज हात वर करतो. माहीत हाय, चाचा.

मग कुणीच उठेना.
पोरगं घसा साफ करतं :
सर, मला अजून नीट पाठ नाही. म्हणून बघू का?
कुणाला विचारलं, कळलं नाही.
त्यानं फोल्डर उघडला, शटरकडं तोंड करून,
गुड इव्हिनिंग डॉक्टर,
आणि पान उलटत गेला.
हाडांची घनता. दुसरं पान, तिसरं.
मध्ये अडखळला, फेरोजनं आकडा पुरवला.
माझ्या कंपनीच्या गोळीला नावं ठेवली,
ती मी ऐकून घेतली.
सातवं पान असतं हेच मी विसरलो होतो.
तिथं कुणीतरी एक पोरगी शेतात पळतेय,
खाली बारीक अक्षरात दुष्परिणाम.
तेही त्यानं वाचले. सगळे.

थँक्यू डॉक्टर.

मोबाईल विचारतो : प्रतिसाद?
चांगला, मध्यम, घाईत.
मी खालच्या रिकाम्या चौकटीत लिहितो,
पूर्ण ऐकून घेतलं.

चल, फेरोज म्हणतो, परभणी लागली असंल.
पोरगं शटरच्या फटीतनं
एक कार्ड आत सरकवून येतं.