कुठेच न जाणारी लिफ्ट

सहा आठवडे ज्या लिफ्टमध्ये आम्ही वर-खाली केलं
ती कुठेच जात नव्हती.
कंपनीच्या मैदानात एकटाच उभा नऊ मजल्यांचा मनोरा,
आजूबाजूला मुळ्याची शेतं.
दार उघडलं की समोर सिमेंटची भिंत,
तिच्यावर पांढऱ्या रंगात ५.
पाचव्यावर कुणीच राहत नाही.
तरी नोझाकी दर वेळी भिंतीपुढे कमरेत वाकून म्हणायचा,
त्रास दिला, माफ करा.

मी गोतो बेटांवरची.
आमच्या गावात उंच म्हणजे टेकडीवरचं चर्च,
त्याखालोखाल आमचा मामा.
लिफ्ट पहिल्यांदा पाहिली नागासाकीच्या इस्पितळात:
वर गेलो तेव्हा आजोबांसकट सात जण,
उतरलो तेव्हा सहा.
मुलाखतीत हे सांगितलं नाही.
सांगितलं, मला यंत्रं आवडतात.

ओनुकीसरांचं उजवं बोट अर्धंच होतं.
कुठे गेलं, याची रोज नवी गोष्ट:
सोमवारी पुलीत, बुधवारी बायकोच्या सुरीखाली,
पगाराच्या दिवशी म्हणाले, गहाण टाकलंय.
त्याच अर्ध्या बोटाने त्यांनी आम्हाला शिकवलं
बघायचं, बोट रोखायचं, मोठ्याने म्हणायचं.
दोर — ठीक!
ब्रेक — ठीक!
खड्ड्यात माणूस नाही — ठीक!
मनातल्या मनात म्हटलेलं मोजत नाहीत, ते म्हणायचे,
मनातल्या मनात तर माझी दहाही बोटं शाबूत आहेत.

मग आम्हाला खूळच लागलं.
भात — ठीक! मोजे — ठीक!
ओकिनावाचा शिमाबुकुरो, जन्मात थंडी न पाहिलेला,
पहाटेच्या कवायतीला पायजम्यावर पायजमा चढवून यायचा
आणि आम्ही अकरा जण बोटं रोखून ओरडायचो,
दुसरा पायजमा — ठीक!

माझ्या खोलीत कुसाकाबे. नागानोच्या डोंगरातली.
घरून तिला अक्रोड यायचे,
फोडायला काही नव्हतं, म्हणून दाराच्या बिजागरीत धरून फोडायची.
झोपेत बोलायची, पण सगळे आकडेच.
एकदा रात्री उठून बसली आणि विचारलं,
तुला वर असताना खालचं ऐकू येतं का गं?
मी म्हटलं, झोप.
आता वाटतं, हो म्हणायला हवं होतं.

लिफ्टच्या टपावर उभं राहायचा दिवस आला.
आठव्या मजल्याच्या उंचीवर, अंधारात, पट्टा कमरेला.
तिने बोट रोखलं.
तोंडातून शब्दच फुटेना.
शिमाबुकुरोने मागून तिचा पट्टा धरला, नोझाकीने माझा,
का ते ठाऊक नाही, मी तर पडत नव्हते.
चौघं तसेच उभे, रांगेत अडकलेल्या पोरांसारखे,
सरांनी लिफ्ट इतकी हळू खाली आणली
की मधल्या भिंतीवरचा एकेक पोपडा मला पाठ झाला.
त्या दिवशी बोटाची गोष्ट झाली नाही.

शुक्रवारच्या पहिल्या गाडीने ती गेली.
स्टेशनवर मी एकटीच; बाकीच्यांची लेखी परीक्षा होती,
माझी पुढे बुडालीच.
तिकीट — ठीक, मी म्हटलं.
पिशवी — ठीक.
मग बोट तिच्याकडे वळलं
आणि तिनेच ते हळूच मिटवलं, माझ्या मुठीत,
वर अक्रोड ठेवले, चार.

आता मी सेन्दाईत. अकरा वर्षं झाली.
शिमाबुकुरोने नोकरी सोडून बकऱ्या पाळल्यात,
नोझाकी साहेब झाला, त्याला आता भिंती वाकतात.
कुसाकाबे नवीन वर्षाला पत्र पाठवते, दोन ओळींचं,
एका वर्षी एकच ओळ होती: वेधशाळेत कामाला लागले, डोंगरमाथ्यावर.
मी ती तीनदा वाचली आणि खोलीत एकटीच हसले.

इस्पितळाची लिफ्ट रात्री दोनला बंद पडते, तेव्हा मी जाते.
टपावर चढते. दोर — ठीक. ब्रेक — ठीक.
खाली कुणीतरी चाकाची खाट धरून थांबलेलं असतं,
त्यांची कुजबुज वर येते.
येते, कुसाकाबे. सगळं ऐकू येतं.