उतारे

पावणेसहा. इमारतीच्या तळघरात
कपडे वाळवायच्या यंत्राला पाठ लावून बसले आहे.
बाहेर विनिपेग, उणे एकतीस,
आवारातल्या गाड्या विजेच्या वायरींना बांधलेल्या,
दावणीच्या गुरांसारख्या रात्रभर ऊब पीत.
सात वाजता त्यातली पिवळी, लांबोडकी, मी सोडवणार
आणि बेचाळीस पोरं दारोदार उचलून शाळेत टाकणार.

तोवर हे.
गुडघ्यांमध्ये वाद्य, खुंटी गालिच्याच्या तुकड्यात रुतलेली,
काळी नळी सरळ खाली जाते
आणि तळाशी वळून चांदीचं तोंड वर काढते,
पोहरा विहिरीतून भरून यावा तशी.
बास क्लॅरिनेट. लोक म्हणतात, सॅक्सोफोन ना?
मी हो म्हणते.
बसमधली कालिना, दुसरीतली, एकदा ऐकून म्हणाली,
फ्रीज रडतोय.

मार्चमध्ये निवड. एक जागा, सतरा उतारे.
उतारा पुस्तकातला असतो, विषावरचा असतो,
ओवाळून तिठ्यावर टाकायचा असतो;
माझे तिन्ही.
दीड तासाच्या रचनेतून कापून काढलेल्या आठ ओळी,
आधीचं वादळ नाही, नंतरचं उजाडणं नाही.
तिसरा तर अशा वाद्यासाठी लिहिलाय
जे या शहरात कुणाकडेच नाही,
म्हणून प्रत्येक सूर अर्धी पायरी खाली ढकलायचा:
डोळ्यांना एक, बोटांना दुसरं, कानाला तिसरंच.

आणि अकरावा.
अकराव्यात चारच सूर आहेत.
तेही आमचे नव्हेत, कागदावर ते बासूनचे;
पण इतकं हळू त्याला जमत नाही
म्हणून आमच्या पदरात टाकतात.
हळूची खूण म्हणजे पी. इथे सहा पी,
एकापुढे एक, बर्फात पक्ष्याची पावलं जावीत तसे.
गेल्या वर्षी कॅल्गरीला पहिला सूर उमटलाच नाही.
नुसती हवा. नळीतून, सभागृहातून, विमानातून घरापर्यंत
नुसती हवा.
दुधानं पोळलेली मी,
आता ताक फुंकते रोज पहाटे, शब्दशः,
वेताची पत्ती ओठावर ओली करून.

रविवारी वासिलिक मास्तरांना फोनवर वाजवून दाखवते.
फोनमधून खालचे सूर पोचतच नाहीत,
पोचते ती किल्ल्यांची टकटक.
तेवढ्यावरून ते चूक पकडतात.
“अंगठा उशिरा.” “करंगळी घाबरली.”
अकराव्याला मात्र काहीच टकटकत नाही.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले,
“आधीचे रिकामे ठोके मोजतेस का?”
कशाला? परीक्षेत थेट सुरुवात करतात.
“वाजवायला कुणीही शिकतं. मोज.”

मार्च. क्रमांक चौदा.
पडदा. पायाखाली जाड सतरंजी,
टाचांवरून बाई की बुवा कळू नये म्हणून.
सॉक्स घातलेला एक मुलगा खुर्ची दाखवतो.
आठ झाले, नऊ झाले, दहावा बरा गेला.
अकरावा.
मी वाद्य ओठांशी नेलं आणि मोजायला लागले.
पाच, सहा.
पलीकडे कुणी खोकलं.
नऊ. पेन्सिल ठेवल्याचा आवाज.
चौदा. “उमेदवार आत आहे ना?”
मुलगा मान हलवतो, जी पडद्यापलीकडून कुणाला दिसत नाही.
अठरा.
एकवीस.
कुणीच काही बोलेना. ऐकायला लागले होते बहुतेक.
आणि दूध उतू जाण्याआधी
कडेकडेनं जसं जरासं थरथरतं
तसा तो पहिला सूर आला, कुठून आला
माझं मलाच नीट कळलं नाही.
मागोमाग तीन.

निकालाचं पत्र यायचं आहे.
रात्री मास्तरांना फोन केला.
“वाजला?”
वाजला.
“किती मोजलेस?”
तेवीस.
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज, बराच वेळ.
“बावीस होते,” ते म्हणाले,
आणि त्यांना हसू आवरेना.